डोरीनच्या छत्रीचा धनी

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत सुमंत आठल्येच्या घरी जेवायला जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं असतं. बाहेर कितीही धो धो पडत असो, छत्रीचा विषय काढायचा नाही. काढलात तर त्याच्या बायकोची, वीणाची, भरली वांगी थंड होणार, मसालेभातावरचं तूप गोठणार आणि सुमंत तुम्हाला लीड्स शहरातल्या एका तळघरात घेऊन जाणार. तिथून लवकर सुटका नाही. त्याच्या ओळखीतले लोक म्हणूनच भिजत येतात आणि दारात मुकाट्याने डोकं पुसतात.

सुमंतकडे बघून हे कुणाला खरं वाटायचं नाही. पन्नाशी ओलांडलेला, पोट जरा सुटलेला, एका विमा कंपनीच्या आयटी खात्यात वरच्या खुर्चीवर बसणारा, हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारातलाही बर्फ न सांगता काढून देणारा सज्जन गृहस्थ. पण हाच सज्जन नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या ‘द डॅम्प शूज’ नावाच्या बँडचा गिटारवाला होता. डॅम्प शूज म्हणजे ओलसर बूट. आता बँडला असलं नाव का ठेवावं, असं तुम्ही विचाराल. त्या काळात तिकडे तशीच टूम होती. गल्लोगल्ली चार-चार पोरं कपाळावर झुलपं सोडून, गिटारी घेऊन उभी राहायची आणि आपल्या गल्लीवर, चहावर, पावसावर नाही तर बसच्या रांगेवर गाणी म्हणायची. मासिकवाले त्यातल्या एकेकाला मुखपृष्ठावर चढवायचे आणि पुढच्या महिन्यात विसरून जायचे.

इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्या आठल्यांचा हा एकुलता एक मुलगा. वडिलांनी त्याला ‘कापड शिकून ये’ म्हणून लीड्सला पाठवलं. पोरगं कापड शिकलं, पण थोडंच. भाड्याच्या खोलीखाली तळघर होतं, तळघरात रॉस पिकरिंग नावाचा खाटकाचा मुलगा गात होता आणि त्याला गिटारवाला हवा होता. बस्स, इचलकरंजीचं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं.

या बँडचं एकच गाणं खऱ्या अर्थाने चाललं. ‘डोरीन्स अम्ब्रेला.’ भर पावसात बसस्टॉपवर उभी राहून कुणालाच छत्रीत न घेणाऱ्या डोरीनबाईंवरचं गाणं. शब्द रॉसचे, बरेच होते. पण लोक वेडे झाले ते सुरुवातीच्या गिटारीवर. छन्, छन्, छनछन्, मग श्वास अडकावा एवढी उसंत, आणि मग एकदम छन्! त्या उसंतीत सुमंतचा डावा गुडघा आपोआप किंचित वाकायचा. बँडमधली पोरं त्याला हसायची, म्हणायची, हा राणीला मुजरा करतोय. पण पुढे त्यांच्या कार्यक्रमांना येणारी शे-दोनशे पोरंही त्या जागी गुडघा वाकवायला लागली. सुमंत तेव्हा अक्षरशः हवेत होता.

मग व्हिसा संपला. नूतनीकरण झालं नाही. सुमंत इचलकरंजीला परतला आणि तिकडे गाण्याचं रेकॉर्डिंग झालं. त्याची गिटार दुसऱ्याच एका पोराने वाजवली, अगदी तशीच, उसंतीसकट. आयत्या बिळावर नागोबा! त्या हिवाळ्यात सुमंत इचलकरंजीच्या चौकातल्या टीव्हीच्या दुकानावरून चालला होता. काचेआड एका ओळीत ठेवलेल्या सगळ्या टीव्हींवर एकदमच रॉस गायला लागला. शेजारी तो नागोबा. गुडघासुद्धा वाकवत होता. गाण्याखाली अक्षरं आली, शब्द आणि संगीत: आर. पिकरिंग. सुमंत रस्त्यात उभा राहून ओरडला, “अरे, हे माझं आहे!” दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाचा टीव्ही चोरीला गेलाय.

त्यानंतर सुमंत कॉम्प्युटर शिकला, अमेरिकेला आला, लग्न झालं, सावनी झाली, घर झालं. सगळं यथास्थित झालं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं ते गाणं काही त्याच्या पोटातून गेलं नाही. शेवटी त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं. मराठीत, कारण मनसोक्त शिव्या द्यायला दुसरी भाषा त्याला पुरेना. नाव ठेवलं ‘ओले बूट’. तिथल्या मराठी मंडळाच्या साहित्य कट्ट्यावर दर महिन्याला तो एक प्रकरण वाचतो. कट्ट्याचा शिरस्ता असा की आधी वाचन, मग पॉटलक, म्हणजे घरोघरून आणलेलं जेवण. त्यामुळे मंडळी बटाटेवड्यांच्या वासात गुपचूप बसून राहतात आणि दर महिन्याला एकेक इंग्रज धारातीर्थी पडताना बघतात. एका प्रकरणात मॅनेजर, एकात ढोलकीवाला, एकात समीक्षक. रॉस मात्र सगळ्याच प्रकरणांत मरतो.

या पुस्तकातलं सुमंतचं सर्वांत लाडकं प्रकरण त्या ठेक्याच्या जन्माचं. त्यात त्याने लिहिलंय की लहानपणी वडिलांच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात तो झोपायचा, आणि धाग्यांतून धावणारा तो धोटा, ती लय त्याच्या रक्तात भिनली, आणि लीड्सच्या तळघरात एका ओल्या संध्याकाळी ती बोटांतून बाहेर आली. हे वाचताना त्याचा आवाज दाटून येतो. आणि दर वेळी शेवटी तो एकच सांगतो. मला त्यांचा पैसा नको, फोटो नको. रॉसने एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं की हा ठेका सुमंतचा. मग मी पुस्तक बंद करीन आणि छत्री घेऊन फिरेन.

तर यंदा गणपतीच्या आधी काय झालं ते ऐका.

सावनी मिनिअ‍ॅपोलिसमध्ये नोकरी करते, स्वतंत्र राहते, पण मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, म्हणून वीकएंडला आईवडिलांकडे असते. हे पथक म्हणजे तिच्या बापाच्या मते संगीत नव्हे, नुसता गोंगाट. तो कधी त्यांच्या प्रॅक्टिसलाही फिरकला नव्हता. त्या रविवारी ती घरात शिरली ती बुटांसकटच.

“बाबा, डोन्ट फ्रीक आउट,” ती म्हणाली. “मी रॉसला मेसेज केला.”

“कुठला रॉस?”

“बाबा! हाउ मेनी रॉसेस डू वी नो?”

सुमंतच्या हातातला चहाचा कप टेबलावर टेकला तो जोरात. सावनी धाडधाड बोलत सुटली. तो टूरवर आहे. एकटाच, गिटार घेऊन, छोट्या छोट्या क्लबांत गातो. मिनिअ‍ॅपोलिसला येतोय, नेमका आपल्या गणपतीच्या वीकएंडला. तिने लिहिलं की मी सुमंतची मुलगी. त्याने लगेच उत्तर दिलं. लगेच! “ही सेड, इज ही अलाइव्ह? बाबा, ही वॉज सो हॅपी. मी त्याला आपल्या गणपतीला बोलावलं. शनिवारी दुपारी. आणि तो येतोय!”

सुमंत उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं ज्याला शब्दांनी झोडपलं तो माणूस खरोखरचा, हाडामांसाचा, ईडन प्रेरीत, मंडळाच्या गणपतीला येणार! त्याला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा त्याला आनंदच जास्त झाला होता, आणि त्या आनंदाचा त्याला आणखी राग येत होता.

“आता एक तर त्याच्याकडून माफी घे, नाहीतर ठेवून दे एक थोबाडीत,” वीणा स्वयंपाकघरातून म्हणाली. “पण एकदाचं संपव बाबा. मला पावसात छत्री घेऊन बाहेर पडायचंय.”

मंडळाचे अध्यक्ष राजेश नागपूरचे. त्यांना कळलं मात्र, ते फोनवरच उडाले. “अरे बाप्पा! इंग्लंडचा सिंगर? मग तो आपला प्रमुख पाहुणाच झाला ना, सुमंतभाऊ! शाल, श्रीफळ, फेटा, सगळं होऊन जाऊ द्या!”

“राजेश, तू माझं पुस्तक ऐकलंस ना?”

“ऐकलं ना, यार. पण पाहुणा तो पाहुणाच असतो ना भाऊ. नियम आहे आपला.”

हा नियम खरा आहे. मंडळात बाहेरगावचं कुणीही आलं, अगदी कुणाचे सहा महिन्यांसाठी आलेले आणि कंटाळलेले सासरे असले, तरी त्यांना शाल-श्रीफळ मिळतं. फक्त इथे राहणाऱ्यांना मिळत नाही. सुमंत इतकी वर्षं मंडळाची साउंड सिस्टीम सांभाळतोय, माइक चालला नाही तर शिव्या खातोय, पण त्याला कुणी कधी नारळाची शेंडीही दाखवली नव्हती. आणि आता चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण राजेशने पुढे जे सांगितलं त्याने सुमंत गप्प झाला. प्रमुख पाहुण्यांचा परिचय सुमंतनेच करून द्यायचा होता. भर सभागृहात, माइकवर, रॉस समोर बसलेला असताना.

बस्स! आठवडाभर सुमंत दुसरं काही बोलेना. परिचय कसला, आरोपपत्रच ते. ऑफिसला ड्राइव्ह करताना तो मोठमोठ्याने तालीम करायचा, लाल सिग्नलला शेजारच्या गाड्यांतले लोक काचा वर करायचे. शेवटचं वाक्य त्याने घोटून पाठ केलं: “मिस्टर पिकरिंग, सांगा या लोकांना, तो ठेका कुणाचा?” बेसमेंटमधून त्याने गिटार काढली, नव्या तारा लावल्या. बोटं बोथट झाली होती, पण उसंतीची जागा आली की डावा गुडघा बरोबर वाकायचा. वीणा हसून लोटपोट झाली. “गुडघ्याला तेल लाव, करकरतोय,” ती म्हणाली. पण ती दारात उभी राहून ऐकत राहिली.

शनिवारी सप्टेंबरचं लख्ख ऊन पडलं होतं. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये झेंडे, नऊवाऱ्या, गॉगल, स्ट्रोलरमधली बाळं. मंडळातल्या संजयच्या पिकअप ट्रकवर बाप्पा बसले होते आणि कोपऱ्यावर परवानगीची पोलीस गाडी उभी होती. पथकाने यंदा पहिल्यांदाच लेझीम बसवलं होतं. जयसिंगपूरच्या रेणू चौगुलेने भारतातून येणाऱ्या लोकांच्या सुटकेसांमधून लेझिमा मागवल्या, उन्हाळाभर पन्नासेक बायका-पुरुषांना घाम गाळायला लावला. सुमंतने त्यातलं काही पाहिलंच नव्हतं; मिरवणुकीच्या वेळीही तो एरवी आत सभागृहात माइक तपासत असायचा. आज तो बाहेर आला तो फक्त एका माणसासाठी.

भाड्याच्या लहानशा गाडीतून रॉस उतरला आणि सुमंतला धक्काच बसला. त्याच्या डोक्यात अजून टीव्हीतलं ते झुलपांचं पोरगंच होतं. हा तर टक्कल पडलेला, वाळका, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला म्हातारा. रॉसने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सुमंट,” तो म्हणाला, “जाडा झालास.”

“आणि तुझे केस कुठे गेले?”

रॉसने त्याला घट्ट मिठी मारली. सुमंतचे हात नकळत वर आले आणि मग आरोपपत्र आठवून खाली गेले. विरघळायचं नाही, त्याने स्वतःला बजावलं. आज नाही तर कधीच नाही.

तेवढ्यात राजेशने फेटेवाल्याला बोलावलं. बघता बघता रॉस पिकरिंगच्या टकलावर भगवा फेटा चढला, तुरा डुलायला लागला, काकवांनी ओवाळलं, पोरींनी सेल्फी घेतले. रॉस लहान मुलासारखा हरखून गेला होता. बाजूला सुमंत बोडक्या डोक्याने, दात आवळून उभा. आपल्याच गावात आपल्याच चोराची वरात निघालीय, असं त्याला वाटत होतं.

मग ताशा कडाडला. ढोल पडले. जमीन हलली. सावनी सगळ्यांच्या पुढे, कपाळाला पट्टी बांधून, हात दिसू नयेत इतक्या वेगाने ताशा वाजवत होती, आणि बापाला कबूल करावं लागलं की हा गोंगाट नव्हे. रेणूने शिट्टी फुंकली आणि लेझीमच्या दोन रांगा पुढे आल्या.

लेझीमचा पहिला हात झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला रेणूने दोनदा शिट्टी मारली. पन्नास लेझिमा एकदम बोलल्या.

छन्, छन्, छनछन्.

पन्नास डावे गुडघे वाकले. पन्नास लेझिमा गुडघ्याखालून गेल्या. एक क्षण सगळं थांबलं.

छन्!

सुमंतचा गुडघाही वाकला होता. त्याने वाकवला नव्हता, तो आपणच वाकला. आणि शेजारी फेट्यातला रॉस किंचाळलाच.

“सुमंट! हे तुझं आहे! ही सगळी तुझा मुजरा करतायत! तू शिकवलंस यांना?”

रॉसला उत्तर नकोच होतं. तो रांगेत घुसला, मोकळ्या आवाजात ‘डोरीन्स अम्ब्रेला’ गायला लागला, आणि काय सांगावं, गाणं त्या ठेक्यावर असं बसलं की जणू दोघं एकाच घरात वाढलेली! सावनीने वळून पाहिलं, तिला कळलं, तिने ताशाची लय बरोबर त्याच्या गळ्याखाली आणली. ढोलवाले बिचकले, मग तेही आले. रेणूला काही समजत नव्हतं पण ती शिट्टी फुंकत राहिली. मिनेसोटाच्या उन्हात, बाप्पांसमोर, डोरीनबाईंची छत्री फेर धरून नाचत होती. पोलिसाने गाडीतून उतरून मोबाइल वर धरला. वीणा टाळ्या वाजवत होती आणि रडत होती.

सगळा पार्किंग लॉट नाचत होता आणि सुमंत एकटा स्थिर उभा होता. त्याला माग ऐकू येत नव्हते. इतकी वर्षं दाटल्या गळ्याने सांगितलेले मागांचे धोटे कुठेच नव्हते. त्याला दिसत होतं शाळेचं मैदान, लाल माती, पांढरे कॅनव्हासचे बूट, सहावी ब ची रांग, शनिवारची सकाळची शाळा. पीटीचे सर समोर उभे, खाकी पँट, तोंडात शिट्टी. गुडघा वाकव रे आठल्ये, कमरेत वाकू नकोस! पंधरा ऑगस्टच्या आधी महिनाभर, रोज. छन्, छन्, छनछन्.

सभागृहात आरत्या झाल्या, राजेशचं भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. “आता पाहुण्यांचा परिचय,” राजेश म्हणाले. सुमंत उठला. खिशात आरोपपत्र होतं, पण तो ते बाहेर न काढताच निघाला. तो माइकपर्यंत पोचायच्या आत रॉसनेच माइक धरला.

“मला आधी बोलू द्या, नाहीतर माझा धीर जाईल,” तो म्हणाला. “मी पोरसवदा होतो. कंपनीच्या माणसाने विचारलं, संगीत कुणाचं? सुमंट तेव्हा हजारो मैलांवर होता. मी म्हणालो, माझं. एका शब्दाचं काम होतं. त्या गाण्यावर मी आजपर्यंत जगलो. आज सगळ्यांसमोर सांगतो, तो ठेका माझा नाही. तो याचा आहे.”

टाळ्यांनी छत उडतं की काय असं झालं. साहित्य कट्ट्यावर इतके महिने बसून शिजलेली मंडळी तर खुर्च्यांवर उभी राहिली. रॉसने झोळीतून विकायला आणलेल्या सीडींपैकी एक काढली, आतला कागद ओढला, ‘शब्द आणि संगीत’ या ओळीतल्या ‘संगीत’पुढे स्वतःच्या नावावर काट मारली आणि पेन सुमंतच्या हातात दिलं. “लिही,” तो म्हणाला. “तुझं नाव लिही.”

हाच तो क्षण. यासाठीच त्याने प्रकरणांमागून प्रकरणं लिहिली होती. पेनाचं टोक कागदाला टेकलं. नुसतं नाव लिहायचं होतं, चार अक्षरं. कुणाला काय कळणार होतं?

सुमंतने मान वर केली. पहिल्या रांगेत रेणू मांडीवर लेझीम घेऊन, घामाने निथळत, त्याच्यासाठी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होती.

“रेणू,” तो माइकवर म्हणाला, “तो तिसरा हात तुला कुणी शिकवला?”

“मला?” रेणू गोंधळली. “शाळेत की. पीटीच्या बाईंनी. का?”

“इथे आणखी कुणी कुणी केलाय तो शाळेत?”

आधी कुणाला प्रश्नच कळेना. मग कोल्हापूरवाल्या काकूंचा हात वर आला. मग सांगलीचे दोघे. मग मागून, कडेने, बाल्कनीतून हात वर होत गेले, मेंदी लावलेले, घड्याळं घातलेले, कडेवर पोर असलेल्यांचे एकेकच. सुमंत ते बघत राहिला. त्याला लाज वाटली, खूप वाटली, आणि त्याच वेळी पोटातून हसूही फुटलं.

“रॉस,” तो इंग्रजीत म्हणाला, “तू माझ्याकडून चोरलंस आणि मी यांच्याकडून. मला वाटलं मी इचलकरंजीच्या कारखान्यातून काहीतरी दिव्य आणलंय. तो आमचा सहावीतला पीटीचा तास होता.”

मग जो हशा पिकला, तो वीणाने सुरू केला होता. रॉस तर फेटा धरून वाकून वाकून हसला. हसणं ओसरलं तसं त्याने डोळे पुसले आणि साधेपणाने विचारलं, “मग तुला कुणी शिकवलं? त्याचंच नाव लिही.”

सुमंतने तोंड उघडलं.

नाव आलं नाही. शिट्टी आठवत होती, शिट्टीची काळी दोरी आठवत होती. पावसात भिजलेल्या पोरांना सरांनी आपल्या डब्यातल्या भाकरीचे तुकडे दिलेले आठवत होते. नाव नाही. सगळे नुसते सर म्हणायचे. स्वतःचं नाव एका कागदावर नाही म्हणून जो माणूस अर्धं आयुष्य जळला, त्याला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. इतक्या लोकांसमोर माइक हातात घेऊन तो उभा होता, आणि त्याचे डोळे भरून आले.

“मला आठवत नाही,” तो म्हणाला.

मग सावनीनेच त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि गिटार दिली. “बाबा, जस्ट प्ले,” ती म्हणाली. त्या दोघा म्हाताऱ्यांनी काय वाजवलं म्हणून सांगू! रॉसचा आवाज फाटला, सुमंतची तार तुटली, आणि उसंतीच्या जागी अख्खं सभागृह खुर्च्यांमधून गुडघा वाकवायला उठलं. एका काकांची पाठ धरली, ती अजून सुटलेली नाही.

रॉस दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेला, फेट्यासकट. सुमंत मात्र फोनला चिकटला. शाळेच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर त्याने विचारलं. कुणी म्हणालं शिट्टीसर, कुणी म्हणालं खाकीसर. नाव कुणालाच येईना. कट्ट्यावर त्याने त्या महिन्यात प्रकरण वाचलं नाही, तर मंडळी हिरमुसली. “निदान त्या समीक्षकाला तरी पुन्हा एकदा झोडा,” राजेश म्हणाले.

शेवटी एका सकाळी इचलकरंजीहून शंतनूचा फोन आला. शंतनू सहावीत त्याच्या शेजारी बसायचा. “माझ्या थोरल्या बहिणीला आठवलं,” तो म्हणाला. “शामराव खोत. सर जाऊन बरीच वर्षं झाली रे.”

“राहायचे कुठे?”

“अरे, आपल्या चौकातलं ते टीव्हीचं दुकान होतं बघ? त्याच्याच मागच्या गल्लीत. शेवटपर्यंत तिथेच होते.”

सुमंतने फोन खाली ठेवला. दुकानाच्या काचेसमोर उभं राहून तो ज्या दिवशी ‘हे माझं आहे’ म्हणून ओरडला होता, त्या दिवशी सर त्या गल्लीत होते. चार पावलं गेला असता, त्यांना हात धरून आणलं असतं, म्हणाला असता, बघा सर, इंग्लंडची पोरं तुमचा तिसरा हात करतायत. त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली असती.

त्याने ड्रॉवरमधून सीडी काढली आणि काट मारलेल्या नावाशेजारी मराठीत लिहिलं, शामराव खोत. वीणा खांद्यावरून वाकून बघत होती. बाहेर पाऊस लागला होता आणि तिच्या हातात छत्री होती.

“आता त्याखाली तुझंही लिही की,” ती म्हणाली.

सुमंतने त्या इवल्याशा ओळीकडे पाहिलं. “एकाच नावाची जागा होती गं,” तो म्हणाला, आणि पेनाला टोपण लावलं.